चूल काढायची, पण कशी? आणि आधी कुणाला विचारायचं?

गावात घरोघरी गॅस आला, तरी जुनी चूल जागेवरच आहे, हे चित्र आपल्या सातारा जिल्ह्यात कोणत्याही तालुक्यात दिसते. माण-खटावच्या माळवदाच्या घरात बघा किंवा पाटण-जावळीच्या कौलारू घरात बघा. एका कोपऱ्यात मातीची चूल, तिच्या बाजूला वैल, वर काळंभोर आढं, आणि समोरच्या कट्ट्यावर गॅसची शेगडी. कुठं चूल रोज पेटते, कुठं सणावाराला, कुठं वर्षभरात एकदाही नाही. जिथं ती पेटतच नाही तिथं तिच्या पोटात उंदीर नांदतात, ओट्यावर रिकामे डबे चढतात आणि छपरातल्या धुराच्या भोकातून पावसाळ्यात पाणी गळतं. मग कुणीतरी म्हणतं, "काढून टाका एकदाची ती चूल."

काढणं अवघड नाही. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. पण शेतीच्या कामासाठी गावोगाव फिरताना असं दिसतं की पुष्कळ ठिकाणी हे काम घाईनं होतं आणि नंतर भिंत तडकते, फरशी खचते, छप्पर गळतं, नाहीतर घरातल्या बाईचीच पंचाईत होते. म्हणून या कामाचा थोडा सविस्तर विचार करू.

चूल खरंच नको झाली आहे का?

पहिला प्रश्न हाच. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथून सुरू झाली आणि गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅस जोडणी मिळू लागली. जोडणी मिळाली तरी पुढची टाकी भरायला पैसे लागतात. सरपण मात्र रानातून येतं. तुरकाट्या, पऱ्हाट्या, बाभळीचा फाटा, शेणी यांना रोकड मोजावी लागत नाही. म्हणून अनेक घरांत चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचं पाणी चुलीवर, अशी वाटणी असते.

ही वाटणी न बघता चूल मोडली तर काय होतं? आठ दिवसांत परसात, नाहीतर त्याच स्वयंपाकघरात, तीन दगड मांडले जातात. खटाव भागातल्या एका घरात मुलानं नवी फरशी बसवण्यासाठी चूल काढली. सात माणसांच्या भाकऱ्या आणि पाणी तापवणं पुढं कुठं होणार, हे कुणी विचारलं नाही. घरातली बाई भर उन्हात घराच्या मागं तीन दगडांपुढं वाकून बसली. फरशी छान झाली, पण बाईचा धूर काही सुटला नाही.

उलटंही पाहिलं. दुसऱ्या एका घरात सूनबाईला चूल नको होती आणि सासूबाईंना हवी होती. सासूबाईंचं म्हणणं साधं होतं : "चूल मोडली म्हणजे घर मोडलं म्हणत्यात. आन् शिळासप्तमीला पूजा कशाची करू?" हा अडाणीपणा म्हणून सोडून देण्यासारखा प्रश्न नाही. आपल्या भाषेत भाऊ वेगळा झाला की 'वेगळी चूल मांडली' म्हणतात. घर आणि चूल हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. त्या घरात तोडगा निघाला तो असा : घरातली चूल काढली आणि मागच्या पडवीला, तीन बाजूंनी उघड्या जागेत, पत्र्याच्या छपराखाली नवी चूल घातली. जुन्या चुलीची मूठभर माती नव्या चुलीच्या मातीत मिसळली. पूजा होते, पुरणपोळी होते, पाणी तापतं आणि घरात धूर नाही.

म्हणून आमचं सांगणं असं की, चूल काढण्याआधी महिनाभर दिनदर्शिकेवर खूण करावी. चूल कोणत्या दिवशी पेटली, कशासाठी पेटली, हे लिहावे. पाण्यासाठी पेटत असेल तर आधी बंबाची किंवा सौर बंबाची सोय बघावी. भाकरीसाठी पेटत असेल तर बाहेर आडोशाला चूल घालावी. जनावरं चार-पाच असतील तर गोबर गॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण 50 किलो शेण लागतं आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. पुन्हा स्लरी शेताला मिळते ती वेगळी. ही सोय झाली, मगच पहारीला हात घालावा. आणि हा निर्णय ज्या बाईनं त्या चुलीपुढं आयुष्य काढलं, तिच्याशिवाय घेऊ नये.

धूर का नको

धुरानं डोळे चुरचुरतात एवढंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जळणाच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात, ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. जुनाट खोकला, दमा, लहान मुलांचा न्यूमोनिया, हृदयविकार यांच्याशी त्याचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. गॅस असूनही त्याच खोलीत रोज दोन तास चूल पेटत असेल, तर गॅसचा आरोग्याला होणारा फायदा बराचसा वाया जातो. तेव्हा चूल घराबाहेर गेली तरी पुष्कळ काम झालं.

आपली चूल कोणत्या प्रकारची?

काढण्याची पद्धत चुलीवर अवलंबून आहे. नुसती जमिनीवर घातलेली मातीची चूल असेल तर काम सोपं. ओट्यावरची चूल असेल तर ओट्याच्या आत दगड-विटा, राख, कधी जुनी खापरं भरलेली असतात. तिसरा प्रकार भिंतीच्या कोनाड्यातल्या चुलीचा. जुन्या वाड्यांत असा कोनाडा करून वर धुराडं काढलेलं असतं. हे काढताना सर्वांत जास्त सांभाळावं लागतं.

चौथा प्रकार निर्धूर चुलीचा. 1980 च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम देशभर राबवला गेला. दोन भांड्यांची चूल आणि छपराबाहेर जाणारा पाइप, असा तिचा थाट. केंद्र सरकारने 2002 मध्ये तो कार्यक्रम थांबवला. पाइप वेळोवेळी झाडला नाही की काजळीने तुंबतो आणि धूर उलटा घरात येतो. त्यामुळे अनेक घरांत निर्धूर चूल नावालाच निर्धूर राहिली. चूल कधीच मोडली, पण पाइप अजून छपरात उभा आहे, अशी घरंही आहेत.

वाटणीच्या घरात आणखी एक बाब. भाऊ नव्या घरात राहायला गेला, पण त्याच्या वाट्याच्या खोलीतली चूल सामाईक भिंतीला टेकलेली असते. ती काढण्यापूर्वी भाऊबंदांशी बोलून घ्यावे. चार विटांवरून कोर्टकचेरी नको.

हंगाम आणि पूर्वतयारी

हे काम संक्रांतीनंतर ते मे अखेर या काळात करावे. छपराचं भोक बुजवायचं असतं, ओल वाळायची असते. मृगाच्या सरी येण्याआधी सगळं उरकलेलं हवं. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात तर मे महिन्याच्या मध्यापर्यंतच.

कामाआधी दोन दिवस चूल पेटवू नये. राखेच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत राहतो. राख लोखंडी घमेल्यात काढावी, पाणी शिंपडावे आणि कडब्याच्या गंजीपासून, गोठ्यापासून लांब ठेवावी. प्लॅस्टिकच्या पाटीत किंवा पोत्यात गरम राख भरू नये.

गॅसची टाकी त्याच खोलीत असेल तर रेग्युलेटर बंद करून, काढून, टाकी उभीच बाहेर मोकळ्या जागेत न्यावी. विजेचा मेन स्विच बंद करावा. धुरानं आणि उष्णतेनं जुन्या वायरीवरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, धक्का लागला की तार उघडी पडते.

नाका-तोंडाला मास्क किंवा ओलं फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, पायांत बूट हवेत. जुन्या चुलीखाली विंचू हमखास, कधी सापही निघतो. लहान मुलांना त्या दिवशी खोलीत येऊ देऊ नये.

वरून खाली या

कामाचा क्रम ध्यानात ठेवा : आधी छपरातला पाइप, मग धुराडं, मग ओटा आणि शेवटी चूल. खालून सुरुवात केली तर वरचं वजन अंगावर येतं.

निर्धूर चुलीचा पाइप राखाडी, सिमेंटसारखा असेल तर तो ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा असण्याची शक्यता आहे. तो घणानं फोडू नये, करवतीनं कापू नये. त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी गंभीर आजार होतात. पाइप पाण्यानं चांगला भिजवावा, अख्खा उतरवावा, जाड प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून बांधावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. पुढच्या विल्हेवाटीबाबत ग्रामपंचायतीत विचारावे. त्याचे तुकडे रस्त्याच्या भरावात किंवा विहिरीच्या काठाला टाकू नयेत.

धुराडं आणि कोनाडा काढण्यापूर्वी एकदा मान वर करून बघा. तुळईचं टोक त्या भिंतीवर टेकलं आहे का? मेढ ओट्यात रोवलेली आहे का? कोनाड्यावर लाकडी पाट किंवा लांब दगड आहे का? यापैकी एकाचं उत्तर 'होय' असेल तर स्वतः हात लावू नये, जाणत्या गवंड्याला बोलवावे. तो आधी टेकू देईल, मग काम करील. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाने दगड-मातीच्या भिंतींचं काय होतं हे पाटण तालुक्यानं पाहिलं आहे. अशा भिंतीतला कोनाडा पोकळ ठेवू नये. तो दगड-विटांनी सांधे जोडून, भिंतीच्या जाडीइतका भरून घ्यावा.

मातीची चूल आदल्या रात्री पाणी मारून भिजवून ठेवली की सकाळी कुदळीनं सहज सुटते आणि धुरळाही कमी उडतो. भाजलेली माती विटेसारखी झालेली असते. शेताला तिचा काही उपयोग नाही, पण खड्ड्याच्या भरावाला चालते. चांगल्या विटा आणि दगड बाजूला काढावेत, बाहेरच्या चुलीला कामी येतात.

जमीन खचू नये म्हणून

इथं बहुतेकांची चूक होते. चूल काढली, वरवर माती ओढली आणि फरशी बसवली. खाली वर्षानुवर्षांची राख आणि उंदरांची बिळं तशीच. पहिल्याच पावसाळ्यात ओल धरते, राख बसते आणि फरशी डगमगते. म्हणून राखेची भुसभुशीत माती संपून घट्ट जमीन लागेपर्यंत खणावे. बिळांत काचेचे तुकडे आणि सिमेंट कालवून ठासावे. मग चार-चार बोटांचे मुरमाचे थर देऊन, पाणी मारून, प्रत्येक थर धुम्मसानं चोपावा. वर शहाबादी फरशी घाला, कोबा करा किंवा शेणानं सारवा, जमीन बसणार नाही.

काळी भिंत, काळे वासे

काजळीवर थेट चुना दिला तर पिवळे-तपकिरी डाग पुन्हा वर येतात. भिंत सिमेंटची असेल तर काजळी खरवडून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासून, पूर्ण वाळवून मग रंग द्यावा. मातीच्या भिंतीला पाणी मारून चालणार नाही. तिचा वरचा थर खरवडावा आणि माती-भुशाचा कुजवलेला गिलावा द्यावा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. आत ओल कोंडते आणि काही दिवसांत तो पोपडा होऊन सुटतो.

वाशांची गोष्ट वेगळी. धूर माणसाला वाईट, पण लाकडाला त्याचा थोडा आधार असतो. धुरामुळे वासे कोरडे राहतात, किडे फारसे फिरकत नाहीत. चूल बंद झाली की दोन-तीन वर्षांत वाळवी किंवा लाकूड पोखरणारा भुंगा लागू शकतो. म्हणून दर पावसाळ्यानंतर बॅटरी लावून वासे बघावेत. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी समजावी, खाली पिठासारखा भुसा पडला तर भुंगा समजावा. गळती आधी थांबवावी. ओल असली की वाळवी येतेच. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो : शेतातलं उरलेलं कीटकनाशक स्वयंपाकघराच्या वाशांवर फवारू नका. तिथं खाली अन्न शिजतं.

छपरातलं भोक बुजवताना

कौलारू घरात पाइपाच्या जागी काचेचं कौल बसवा. पाणी गळत नाही आणि काळोख्या कोपऱ्यात उजेड येतो. पत्र्याला नुसतं डांबर फासू नये, उन्हानं ते सुटतं. वरच्या पत्र्याखाली सरकवून पट्टी बसवावी. माळवदाला धुरा-उजेडासाठी ठेवलेलं सानं पूर्ण बंद करू नये, त्यावर पाऊस न येईल असं झाकण करावे.

गॅसच्या स्वयंपाकघरालाही हवा लागतेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साठतो. म्हणून वर खिडकी आणि खाली जमिनीलगत जाळी, अशा दोन्ही वाटा हव्यात. चुलीच्या रिकाम्या कोनाड्यात किंवा खड्ड्यात टाकी ठेवण्याची काही घरांत सवय आहे, ती धोक्याची. टाकी सपाट जमिनीवर उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच कट्ट्यावर असावी. टाकी असलेल्या खोलीत चूल पेटवू नये. गॅसचा वास आला तर विजेचं बटण दाबू नये, दारं-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर फोन करावा.

राख उकिरड्यावर टाकू नका, पण...

लाकडाच्या राखेत पालाश आणि चुना असतो, नत्र मात्र जळून गेलेलं असतं. राख अल्कधर्मी आहे. पश्चिमेकडे महाबळेश्वर-जावळी-पाटणच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला ती मानवते. पूर्वेकडच्या काळ्या आणि चुनखडीच्या जमिनी मुळातच अल्कधर्मी आहेत, तिथं पाटीनं राख ओतली तर लोहाची कमतरता वाढून पीक पिवळं पडू शकतं. तिथं परसातल्या भाजीच्या आळ्यात मूठभर, एवढंच प्रमाण ठेवावे. युरियात किंवा अमोनियम सल्फेटमध्ये राख मिसळू नये, नत्र वायू होऊन उडून जातं. ज्या चुलीत प्लॅस्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलं असेल तिची राख शेतात नको. धुराड्यातली काजळीही नको.

आणि बियाणं?

हा मुद्दा शेवटी घेतला, पण तो महत्त्वाचा आहे. मक्याची कणसं, ज्वारीची निवडक कणसं, दोडक्या-भोपळ्याची सुकी फळं आपल्या बायका चुलीवर आढ्याला टांगून ठेवतात. धूर आणि ऊब यांमुळे भुंगा लागत नाही, बी कोरडं राहतं. चूल गेली की हे बियाण्याचं कोठारही जातं. एका मावशींनी चूल काढायला नकार दिला तो स्वयंपाकासाठी नव्हे, तर याच कारणासाठी. "बी कुठं टांगू ते सांगा आधी," असं त्यांचं म्हणणं. गावरान बियाणं जपणाऱ्या बाईनं हे विचारलं तर त्याला उत्तर दिलंच पाहिजे.

उत्तर असं : बी कडक वाळवावे. ज्वारी-मका दाताखाली कट्‌कन मोडला पाहिजे. धान्याच्या बियाण्यात ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आणि कडधान्याच्या बियाण्यात 9 टक्क्यांच्या आसपास असावा. वाळवल्यावर सावलीत निववावे, गरम बी डब्यात भरू नये. मग चाळलेली, कोरडी, गार लाकडाची राख बियाण्यात चांगली मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा मडक्यात भरावे आणि मडक्याचं तोंड शेण-मातीनं लिंपावे. डबा भरलेला असावा, आत पोकळी नको. वर नाव आणि महिना लिहावा. जुन्या चुलीची शेवटची स्वच्छ राख यासाठीच आधी बाजूला काढून ठेवा. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी.

यंदा चूल काढायचा विचार असेल तर महिनाभराची नोंद आजपासून सुरू करा. बाहेरची चूल किंवा बंब आधी, बियाण्याचे डबे त्यानंतर, आणि घरातली चूल सर्वांत शेवटी.